गुडघ्याची झीज आणि मांडीचे बळ

उतारवयात गुडघे दुखू लागले की "वय झाले, आता हे चालायचेच" असे म्हणून ते दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक हा विकार किरकोळ नव्हे. २०२० साली जगातील सुमारे ५९ कोटी ५० लक्ष लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज होणारा संधिविकार, होता असा अंदाज आहे. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असून सर्वाधिक झळ गुडघ्यास पोहोचते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन संधिविकारांची जी पाहणी सुरू झाली, तीतही हा विकार आढळून आला.

रक्त व लघवी काय सांगतात?

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, कूर्चा दिसत नाही. त्यामुळे झीज बरीच झाल्यावरच ती चित्रात उमटते. ती आधी कळावी म्हणून शास्त्रज्ञ 'जैवदर्शकां'चा शोध घेत आहेत. कूर्चा झिजताना तिच्यातील द्रव्यांचे अंश शरीरात मिसळतात. 'कॉम्प' हे प्रथिन रक्तात, तर 'सीटीएक्स-टू' हा कोलॅजेनचा तुकडा लघवीत मोजता येतो.

तथापि या मोजमापांस मर्यादा आहेत. केवळ अर्धा तास चालल्यानेही रक्तातील 'कॉम्प' काही काळ वाढते. एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून निर्णय देणे म्हणूनच धोक्याचे ठरते. संशोधनात जैवदर्शकांचा उपयोग होत असला, तरी नित्याच्या निदानात त्यांना अद्याप स्थान नाही. वय ४५ किंवा अधिक, हालचालीबरोबर येणारी वेदना आणि सकाळचा ताठरपणा मुळीच नसणे किंवा अर्ध्या तासाच्या आत ओसरणे, एवढ्यावरून सामान्यतः क्ष-किरण चित्राविनाही निदान करावे, असे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ साली सुचविले आहे.

स्नायू हा सांध्याचा आधार

मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू गुडघा सरळ करतात आणि पाऊल टेकताना बसणारा हादरा झेलतात. गुडघा दुखला वा सुजला की मेंदूकडून या स्नायूंना मिळणारी चालना मंदावते. वापर घटतो, बळ घटते आणि चालणे अधिकच अवघड होते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर वेदना नसलेल्या, पण क्ष-किरण चित्रात झीज दिसणाऱ्या व्यक्तींतही हे स्नायू दुबळे आढळले. म्हणजे अशक्तपणा हा केवळ दुखण्याचा परिणाम नव्हे.

खुर्चीची कसोटी

हे बळ अजमावण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हात नसलेली, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. शेजारी कोणीतरी आधारास असावे. अमेरिकेतील प्रमाणानुसार ६० ते ६४ वर्षांच्या पुरुषाचा आकडा १४ पेक्षा व स्त्रीचा १२ पेक्षा कमी असल्यास तो सरासरीखालचा समजतात. आपल्याकडे मात्र त्याच व्यक्तीच्या मागील आकड्याशी तुलना करणे अधिक उपयुक्त होय.

उपाय हाती आहे

खुर्चीत बसून पाय सरळ करणे व काही क्षण तसाच धरणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, नियमित चालणे, हे व्यायाम तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावेत. त्यांनी झिजलेली कूर्चा भरून येत नाही. वेदनेत व हालचालीत मात्र काही सुधारणा होते. वजनही आटोक्यात हवे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९२ च्या अभ्यासात सुमारे ५ किलो वजन घटविलेल्या स्त्रियांत गुडघ्याच्या या विकाराचा धोका निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. सांधा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला वा इजा झाली, तर व्यायाम थांबवून विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात वा शाळेच्या ओसरीवर एक भक्कम खुर्ची आणि सेकंदकाट्याचे घड्याळ सहज उपलब्ध होते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मदतीने वृद्धांची ही कसोटी घेऊन आकडा नोंदवून ठेवल्यास दुबळेपणा वेळीच लक्षात येईल. रक्ताच्या तपासणीतून उद्या अधिक कळेलही. मांडीचे बळ वाढविण्यासाठी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही.