खिडकीतली कोथिंबीर, इंदूरचं खत

इंदूरच्या पोह्यांवर कोथिंबीर पडते ती मुठीने. जिरावन मसाल्याच्या आणि शेवेच्या गर्दीतही तिचा वास लपत नाही. त्यामुळे फ्लॅटमधल्या माणसाला कुंडीची हौस सुटली की पहिला मान तिचाच. धणे पेरले जातात, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, पुढच्या पंधरवड्यात ते लांबट-पिवळट होऊन आडवे पडतात आणि खापर बियाण्यावर फुटतं. खरं तर बियाणं बहुतेक वेळा निर्दोष असतं. कमी पडतो तो उजेड.

इंदूर 22.7 अंश अक्षांशावर आहे. कर्कवृत्त इथून फार दूर नाही, उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगल्यावरून ते जातं. त्यामुळे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे साधारण 44 अंशांवरच राहतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यापर्यंत येतं. जूनमध्ये तो डोक्यावर असतो, तेव्हा त्याच खिडकीत उन्हाची तिरीपही शिरत नाही. म्हणजे कुंडीची जागा कायमची ठरवून चालत नाही. हिवाळ्यात दक्षिण, उन्हाळ्यात पूर्वेची खिडकी. पश्चिमेचं मे महिन्यातलं ऊन मात्र टाळावं, कोवळी पानं भाजून निघतात. रोज चार-पाच तास ऊन मिळत नसेल, तर ‘घरातली बाग’ हा शब्दप्रयोग जरा सैल समजावा. खिडकीची जाळी आणि बाल्कनीचा कठडा या जागाही घरातच मोडतात.

दुसरी अडचण मातीची. माळव्याच्या काळ्या मातीचा आपल्याला रास्त अभिमान आहे, पण ती शेतात शोभते. कुंडीत ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते, आणि मुळांना हवा मिळत नाही. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट किंवा जाड वाळू समप्रमाणात घ्यावी. यातल्या कंपोस्टची गोष्ट तर थेट इंदूरचीच आहे.

होळकर दरबाराने दिलेल्या 300 एकरांवर 1924 मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. तिथे त्यांनी कंपोस्टची एक पद्धत बसवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर दोन फूट खोल खड्ड्यात द्यायचे, ओल राखायची, आणि साधारण दोन आठवड्यांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी उलथायचे. तीन महिन्यांत खत तयार. ही पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. तिच्यावरचं पुस्तक 1931 मध्ये आलं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. मराठी वाचकाने हे नाव विसरू नये, तरी ते विसरलं गेलंय! संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

फ्लॅटमध्ये खड्डा कुठला? पण तत्त्व तेच. भोकं पाडलेल्या डब्यात भाजीची देठं-सालं, त्यावर वाळलेली पानं किंवा कोकोपीट, मधूनमधून जुन्या खताची मूठ, आणि अधूनमधून ढवळणं, म्हणजे हवा खेळती राहते. डब्याला वास सुटला तर ओल जास्त झाली असं समजून कोरडा पाला वाढवावा. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय इंदूरकरांना लागलेलीच आहे. शहराच्या ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाला आपल्या घरच्या चार सालींची उणीव भासणार नाही.

आता पेरणी. धणा हे खरं तर फळ, त्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटणं हलकेच फिरवून ते दुभंगावं, भरडू नये. रात्रभर भिजवून सेंटिमीटरभर खोल पेरावं. कुंडी वीतभर खोल हवी, कारण मूळ सरळ खाली जातं आणि उपटून दुसरीकडे लावलेलं रोप रुसतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा इथला खरा हंगाम. एप्रिलमध्ये पारा चाळिशीत गेला की झाड पानं सोडून फुलांच्या मागे लागतं, मग कितीही खत घाला. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी कुंडी पेरत राहिलं तर पुरवठा टिकतो. एका कुंडीत पोह्यांच्या दोन-तीन ताटल्या निघतील, जुडी नव्हे.

उन्हाळ्यात पुदिन्यावर भिस्त ठेवावी. बाजारच्या जुडीतली चांगली काडी पाण्यात ठेवली तर आठ-दहा दिवसांत मुळं धरते. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर शेजाऱ्याच्या हद्दीत धावे सोडत राहतो. पानांचा ओवा मात्र पाणी विसरलात तरी तग धरतो, उलट जास्त पाण्यानेच कुजतो. पावसाळी भज्यांसाठी तोच कामाला येतो. गवती चहाला बाल्कनीचा उन्हाचा कोपरा लागतो. कढीपत्ता घरात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला गच्ची आणि मोठं पिंप द्या.

राहता राहिला पावसाळा. नेमकी तेव्हाच कोथिंबीर महागते आणि तेव्हाच आभाळ भरलेलं असतं. साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून दिवसाचे बारा तास चालू ठेवली, तर काम भागतं. चौदा-पंधरा तास नको, दिवस लांबला असं समजून कोथिंबीर फुलावर येते.