परत घ्यायचे कोणत्या अटीवर?

चुकलेल्या सभासदाला समज कशी द्यावी, याची ख्रिस्ती रीत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायावर उभी आहे. आधी एकांतात सांगावे. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यावे, मग मंडळीपुढे मांडावे आणि मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका किंवा जकातदार समजावे. ही शेवटची पायरी दिसते तितकी सरळ नाही. जकातदारांच्या पंगतीला बसल्याबद्दल येशूवरच टीका झाली होती आणि ज्याच्या नावावर हे शुभवर्तमान आहे तो मत्तयही जकातदारच. त्यामुळे बाहेर कुणाला काढावे यापेक्षा परत कुणाला, कधी आणि कोणत्या अटीवर घ्यावे, यावरच चर्चमध्ये जास्त वाद झाले.

त्यातला पहिला मोठा वाद तिसऱ्या शतकातला. साम्राज्यातल्या सर्वांनी रोमन देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम सम्राट डेसियसने काढला होता. 250 साली त्याची अंमलबजावणी जोरात होती. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तमध्ये सापडलेही आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरू लागला तसे हे सगळे परत आले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये पेच अधिकच वाढला, कारण श्रद्धेपायी तुरुंगवास सोसलेले लोक त्यांना शिफारसपत्रे देत होते, कधी एकाच पत्रात अख्ख्या घरादाराला. बिशप सिप्रियनला ही घाई पसंत नव्हती. पण छळाच्या दिवसांत तो स्वतः लपून राहिला होता आणि विरोधक ते विसरले नव्हते.

251च्या कार्थेज सभेने मधला मार्ग काढला. दाखला विकत घेणाऱ्यांना प्रत्येकाची चौकशी करून आत घ्यावे; प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे, त्यांना प्रभुभोजन मिळेल ते मरणसमयी. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त करणाऱ्या या दुसऱ्या गटालाही परत घेण्यात आले. रोममध्ये मात्र नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने अशी माफी साफ नाकारली आणि वेगळी चूल मांडली.

325च्या निकिया परिषदेने जबरदस्ती नसताना श्रद्धा सोडणाऱ्यांसाठी 12 वर्षांचा क्रम ठरवला: 3 वर्षे फक्त श्रवण, 7 वर्षे गुडघे टेकून प्रायश्चित्त, 2 वर्षे प्रार्थनेत सहभाग पण प्रभुभोजन नाही. एवढी कडक शिस्त टिकणे कठीणच होते. आयर्लंडच्या मठांतून पसरलेल्या खासगी पापकबुलीने हळूहळू तिची जागा घेतली आणि 1215 मध्ये पश्चिमेकडच्या चर्चने वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची केली.

धर्मसुधारणेनंतर शिस्त पुन्हा चारचौघांत आली. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनच्या काळी पाळक आणि मंडळीचे वडील (ज्येष्ठ पदाधिकारी) मिळून दर आठवड्याला लोकांच्या वागणुकीची चौकशी करत. स्कॉटलंडमध्ये विवाहबाह्य संबंधांच्या प्रकरणात रविवारच्या उपासनेत सर्वांसमोर बसून पश्चात्ताप करावा लागे. कवी रॉबर्ट बर्न्सलाही 1786 मध्ये अशी जाहीर शिक्षा भोगावी लागली. लाज वाटायला लावून माणूस सुधारतो, हा या पद्धतीतला विश्वास जरा भाबडाच म्हणायचा.

आजच्या कॅथलिक कायद्यात बहिष्कृतीला औषधी स्वरूपाची शिक्षा मानतात. तिने बाप्तिस्मा पुसला जात नाही आणि माणसाने हट्ट सोडला तर ती उठवणे नाकारता येत नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक आणि वडील आधी खासगीत बोलतात, मग प्रभुभोजन थांबवतात, आणि नाव कमी करणे हा शेवटचा उपाय. या अधिकाराला देशाच्या कायद्याची मर्यादाही आहे: ज्या स्त्रीने सभासदत्व सोडले होते तिच्यावर नंतर केलेल्या जाहीर कारवाईला धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही, असे अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ठरवले.

मंडळीत परत येणे आणि पदावर परत येणे यांत फरक करण्याची प्रथाही सिप्रियनच्या काळापासूनची आहे. दाखला घेतलेल्या दोन स्पॅनिश बिशपांबाबत त्याच्या सभेचे मत होते की त्यांना प्रायश्चित्त घेता येईल, पण बिशपपद परत मिळणार नाही. लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूच्या बाबतीत आज हाच फरक निर्णायक ठरतो: पापकबुलीत क्षमा मिळाली तरी त्याला धर्मगुरुपदावरून कायमचे दूर करता येते आणि पोलिसांचा तपास त्या क्षमेने थांबत नाही.