बद्द आवाजाचे दगड

फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या भिंती जवळ जाऊन बघाव्यात. काही ठिकाणी दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, भरलेलं सिमेंट जसंच्या तसं आहे आणि मधला दगडच पापुद्रे सुटून बोटभर आत गेला आहे. दगड झिजावा आणि दर्जा शाबूत राहाव्यात, हे मला पटेना. म्हणून दुरुस्ती चाललेल्या एका इमारतीच्या परांचीवर चढले.

मुंबईच्या या वास्तूंत दगडही एका जातीचा नाही. मालाडचा पिवळसर, कुर्ल्याचा भुरकट (राजाबाई टॉवर, १८६९ ते १८७८, त्यातलाच), पायाला काळा बेसॉल्ट आणि नक्षीला पोरबंदरचा चुनखडक, कारण तो टाकीला लवकर वश होतो. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. पोरबंदरच्या दगडावर शहराच्या धुरातल्या गंधकामुळे जिप्समची काळी साय धरते. बेसॉल्टचं तसं होत नाही.

वरच्या फळीवर एक वयस्क पाथरवट होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते एकेका दगडावर हातोडीची हलकी टिचकी मारून कान देत. खणखणीत आला की पुढे, बद्द आला की खडूची फुली. तो बद्द आवाज मला अजून ऐकू येतो.

खाली भूशास्त्र शिकलेली एक मुलगी गळून पडलेले तुकडे पिशव्यांत भरत होती. प्रयोगशाळेत तुकडा काचेवर चिकटवून घासतात, ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत. ०.०३ मिलिमीटरला दगडातूनही उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली कुठलं खनिज ताजं आहे आणि कशाची माती झाली, ते दिसतं. भिंत किती पाणी पिते, हे ती काचेची नळी चिकटवून मोजत होती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडेच होतं. पाऊस आणि समुद्राचा वारा भिंतीत क्षार नेतात. चुन्याच्या दर्जांतून ओल बाहेर पडते; चुना स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो, मग काही वर्षांनी नव्या दर्जा भरायच्या. सिमेंट वाट अडवतं. ओल दगडातूनच निघते, क्षारांचे स्फटिक कातडीखाली फुगतात आणि पापुद्रा उडतो. ज्यांनी घाईने इथे सिमेंट थापलं, त्यांनी या भिंतींवर अन्यायच केला.

मालाडच्या जुन्या खाणींतून आता दगड निघत नाही. त्यामुळे बदली दगड पाडलेल्या इमारतींतून शोधावा लागतो, आणि तो रंगाने जुळून भागत नाही. पाणीही तेवढंच प्यायला हवा.

म्हणूनच फुली मारलेल्या एका कोरीव पानाशी दोघं बराच वेळ थांबली. मामा म्हणाले, “आवाज बद्दच आहे, पोरी.” ती म्हणाली, “वरचाच थर गेलाय मामा, आतला दगड ताजा आहे. ०.०३ मिलिमीटरमध्ये बघितलंय मी.” मामांनी पुन्हा टिचकी मारली, या वेळी पानाच्या देठाशी. मग फुलीभोवती गोल काढला. गोल म्हणजे दगड काढायचा नाही. ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावून तो सुकेपर्यंत थांबायचं, लोणा, म्हणजे ते क्षार, ओढून घ्यायचा आणि पुन्हा नवा लेप. एका पानाला असे कितीतरी दिवस लागतात. दुरुस्तीच्या निविदेत हे दिवस आधीच धरलेले असले पाहिजेत.