‘हाणणें’ आणि ‘मारणें’ : जुन्या कागदांच्या वाचनासंबंधीं एक सूचना

पुसद तालुक्यांतील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आपल्या घराण्याची वंशावळ जुळवितांना एका पूर्वजाच्या नांवापुढें ‘भावाकडून वध’ अशी नोंद केली होती. आधार म्हणजे बांधाच्या तंट्याचा एक मोडी कागद; त्यांत ‘भावास मारिलें’ असे शब्द आहेत. कागद आमच्या हातीं आला तेव्हां आम्हीं तो शेवटपर्यंत वाचला. तंटा मिटल्याचा मजकूर असून खालीं त्याच भावाची नांगराची निशाणी आहे. मेलेला मनुष्य निशाणी करावयास येत नाहीं. वध म्हणून नोंदलेला प्रकार काठीच्या माराचा होता, आणि एका पूर्वजाच्या माथीं बंधुहत्येचें पातक उगाच चढलें होतें.

ही चूक अक्षरांची नव्हे, अर्थाची. संस्कृतांत ‘हन्’ धातु दोन्ही कामें करितो. नगाऱ्यावर टिपरी पडली तरी हन्, आणि शत्रु पडला तरी हन्. आघात, घात हे शब्द त्याचेच. घात झिजून घाय, घाव झाला, आणि लोहाराचा घणहि ह्याच कुळांतला. प्राकृतांत ‘हण’ आणि मराठींत ‘हाणणें’ होईतों ह्या धातूनें प्राण घेण्याचें काम सोडून दिलें. उलट ‘मृ’ धातूच्या प्रयोजकापासून आलेलें ‘मारणें’ मुळांत ‘मरावयास लावणें’ ह्याच अर्थाचें. तें मराठींत चापटीपर्यंत खालीं उतरलें. ‘मास्तरांनीं मारलें’ म्हणणारा विद्यार्थी चांगला जिवंत असतो, हें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों! मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांतहि ‘मारणें’ शब्दाखालीं दोन्ही अर्थ आहेत.

असें अन्यत्रहि घडलें आहे. इंग्रजी ‘स्ले’ व जर्मन ‘श्लागेन’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. जर्मन अजून नुसता ठोकतो, इंग्रजी मात्र ठार करितो. लोहाराच्या ‘स्लेज’ हातोड्याच्या नांवांत तेवढा जुना अर्थ टिकून आहे.

आमच्या यवतमाळाकडे बोलण्यांत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘त्यानं मले हानलं’ असें ऐकूं येतें. ग्रिअर्सनच्या १९०५ च्या मराठी खंडांत वऱ्हाडीचा स्वतंत्र विचार आहे, तो संग्राहकांनीं अवश्य पाहावा. कारण स्थानिक लेखकाच्या हातचें ‘हान’ हें ‘हाण’ कीं हानि, हें मोडींत शब्द न तोडतां लिहिलेल्या ओळींतून सहज उमगत नाहीं. शिवाय ‘हाणणें’ लिहिण्यास गांवढळ मानलें जातें. आजहि फिर्याद देणारा ‘हानलं’ म्हणतो, आणि लिहून घेणारा ‘मारहाण केली’ असें लिहितो. चार भाकरी हाणल्या, गप्पा हाणल्या, हे प्रयोग तर कागदावर क्वचितच उतरतात. ह्यामुळें ‘मारणें’ ह्या एका शब्दावर दुहेरी ओझें पडतें.

मग निवाडा कसा करावा? जिवें मारिलें, ठार मारिलें, गर्दन मारिली, असें असल्यास शंकाच नाहीं. काठी, वहाण, चपराक अशा साधनाचा उल्लेख असल्यास बहुधा मारच. मुलूख मारिला म्हणजे लुटला किंवा काबीज केला. तेथें माणसें मेलींच असें धरूं नये. आमच्या मतें अधिक उपयोगी खूण व्याकरणाची आहे. ‘वाघ मारिला’ म्हटलें कीं वाघ मेला. ‘वाघास मारिलें’ म्हटलें तर तो जखमी होऊन पळालाहि असेल. कर्म प्रथमेंत असून क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालत असेल तर वधाकडे कल अधिक; कर्मास ‘स’ किंवा ‘ला’ लागून क्रियापद नपुंसकलिंगीं राहिलें असेल तर अर्थ मोकळा राहतो, आणि पुढचा मजकूर वाचल्यावांचून निर्णय देतां येत नाहीं. हा नियम अपवादरहित आहे असा आमचा आग्रह नाहीं. परंतु वरील कागदांत ‘भावास’ ह्या शब्दांतील ‘स’ डोळ्यांपुढें असतां तो कोणाच्या लक्षांत आला नाहीं.

सामासिक शब्दांतहि असाच बारीक भेद आहे. मारहाण एक पक्ष करितो, दुसरा सोसतो. हाणामारींत दोन्ही पक्षांचे हात चालतात. तंट्याच्या कागदांत आगळीक कोणाची, हें पुष्कळदां ह्या शब्दाच्या निवडीवरूनच कळतें, आणि लिहिणारा कोणत्या पक्षाचा होता हेंहि.

स्नेह्यांनीं वंशावळ दुरुस्त केली आहे. जुन्या नोंदीवर शाई न फांसतां एकच रेघ ओढून शेजारीं ‘काठीचा मार’ असें लिहिलें आहे, आणि खालीं मूळ कागदाचा दप्तर-क्रमांक दिला आहे.