पाठीतले पाणी

आंदर मावळात किंवा नाणे मावळात भाताची लावणी चाललेली असते. एखादा गडी एकाएकी डोके धरून बांधावर बसतो, ओकतो, मान ताठ होते. 'पित्त खवळलं' म्हणून त्याला घोंगडीवर निजवतात. पण मंडळी, वीज पडावी तसे डोके दुखू लागले, तर मेंदूवरची रक्तवाहिनी फुटलेली असू शकते.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर कधी म्हणतात, पाठीतले पाणी काढून पाहू. घरचे लोक घाबरतात; माणूस लुळा पडेल म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती नितळ पाणी खेळते, मोठ्या माणसात सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे कपभर. १८९१ साली क्विंके या जर्मन डॉक्टरांनी ते सुईने काढण्याची रीत मांडली. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, सुई त्याच्या खाली जाते. तेव्हा ही भीती बरीचशी फुकाची.

त्या पाण्यात काय पाहतात? भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते; हे लाळेतल्या विकराचे काम. तशीच विकरे मेंदूभोवतीही असतात. सांडलेल्या रक्ताच्या तांबड्या द्रव्यापासून ती हळूहळू पिवळे द्रव्य बनवतात, काविळीत दिसते तेच. याला बारा तासांपर्यंत लागतात; मग पिवळेपणा दोनएक आठवडे टिकतो. सुई टोचताना आलेले ताजे रक्त नळी यंत्रात फिरवली की तळाशी बसते, वरचे पाणी नितळ राहते. जुने रक्त असेल तर ते पिवळेच राहते.

मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांची स्वतःची विकरेही पाण्यात उतरतात. पण ती मेंदूच्या इतर दुखण्यांतही वाढतात, म्हणून एवढ्यावरून कोणी निदान करीत नाही.

आधी मेंदूचा सीटी स्कॅन करतात. आत गाठ साकळून दाब वाढला असेल तर पाणी काढणे धोक्याचे. पहिल्या सहा तासांत स्कॅनमध्ये रक्त बहुधा दिसतेच. दिवस गेले की ते पुसट होते, तेव्हा पाण्याचा पिवळेपणा उपयोगी पडतो.

म्हणून दुखणे किती वाजता सुरू झाले, हे कागदावर लिहून घ्या. गावातल्या गुरुजींना ते सहज जमेल. पुन्हा रक्त फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त, तेव्हा 'सकाळी पाहू' नको. १०८ क्रमांक फिरवा. तोवर त्याला खायला-प्यायला देऊ नका, डोकेदुखीची गोळीही नाही. तसल्या काही गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही.