कॉलर धरली की हुज्जत घातली?

२३ ऑगस्ट २०१६. मुंबईत खारच्या एस. व्ही. रोडवर पेट्रोलपंपाजवळ वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. शिंदे यांनी कागदपत्रे मागितली, तेव्हा मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावून घेतले. भाऊ आला आणि शिंदे यांच्या डोक्यात दांडके बसले. ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. रोज शेकडो वेळा होणाऱ्या साध्या कारवाईपायी ड्युटीवरचा माणूस जिवानिशी गेला.

असल्या प्रकरणांत पेपरमध्ये ठरलेले शब्द येतात, ‘सरकारी कामात अडथळा’. त्यामागे बहुधा दोन वेगळी कलमे असतात आणि त्यांची सरमिसळ होते. जुन्या दंड संहितेतले १८६ म्हणजे नुसता अडथळा. त्याला तीन महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संबंधित अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टापुढे असल्याशिवाय त्याची दखलच घेता येत नाही. ३५३ म्हणजे कर्तव्य बजावणाऱ्या सरकारी नोकराला रोखण्यासाठी हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर. दोन्ही गुन्हे वेगळे आहेत आणि लेखी तक्रारीची अट ३५३ ला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दुर्गाचरण नाईक प्रकरणात १९६६ मध्येच सांगून ठेवले आहे. पोलिसाला दुखापत झाली तर ३३२ वेगळे लागत असे.

महाराष्ट्राने स्वतःपुरती दुरुस्ती करून २०१८ पासून ३५३ ची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली, ३३२ ची तीनवरून पाचवर, आणि हे खटले सत्र न्यायालयाकडे दिले. म्हणजे तेव्हा झाशीच्या मानिक चौकात कुणी हवालदाराची कॉलर धरली असती तर मूळ कलमाप्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि तेच दादरला केले असते तर पाच! अपिलाची पायरीही बदलली. न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली तर पहिले अपील जिल्ह्यातच, सत्र न्यायालयात. खटलाच सत्र न्यायालयात चालला तर थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. अमरावतीच्या किंवा नांदेडच्या माणसाला हा फरक वकिलाच्या फीपासून एसटीच्या भाड्यापर्यंत जाणवतो.

फौजदारी बळाचा वापर म्हणजे काय, हे जुन्या संहितेने उदाहरणे देऊन सांगितले होते. संहिता १८६२ सालापासून लागू झालेली, त्यामुळे उदाहरणेही त्या काळातली. नदीकाठी बांधलेल्या नावेत माणूस बसला आहे आणि कुणी नावेचा दोर सोडून दिला. रथात बसलेल्या माणसाच्या घोड्यांना चाबूक मारून त्यांचा वेग वाढवला. अंगाला हातही न लावता बळाचा वापर झाला. आज पोलीस समोर उभा असताना गाडी त्याच्या अंगावर घालणे किंवा त्याला बॉनेटवर घेऊन फरफटत नेणे हे याच सूत्रात बसते, आणि जीव घेण्याचा हेतू दिसला तर त्याहून जड कलम लागते.

पण आवाज चढवणे बसत नाही. बंगळूरमध्ये २०१३ मध्ये एका जोडप्याच्या गाडीची रिक्षाला धडक बसली. पोलीस ठाण्यात निरीक्षकाने दमदाटी केली, असे सांगत त्यांनी वाहतूक पोलिसांच्याच फेसबुक पानावर राग व्यक्त केला. त्यावरून ३५३ आणि धमकीचे ५०६ लागले! मानिक तनेजा विरुद्ध कर्नाटक राज्य या फौजदारी अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१५ रोजी गुन्हा रद्द केला. न्या. गोपाल गौडा आणि न्या. भानुमती यांनी कलमाचे घटक तपासले. हल्ला नाही, बळाचा वापर नाही, मग ३५३ कशाच्या आधारावर?

मला हा निकाल पोलिसांच्या बाजूचा वाटतो. प्रत्येक हुज्जतीला ३५३ लावत गेले की ज्याच्या खरोखर डोक्यात दांडके बसले त्याच्या फिर्यादीकडेही लोक संशयाने पाहू लागतात. शिंदे यांच्यासारख्यांसाठी असलेले कलम शिवीगाळीवर आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांवर खर्ची घालू नये. त्याच वेळी ‘आधी त्यानेच माझी किल्ली काढली’ हा बचावही फार दूर नेत नाही. पोलीस आपल्या पदाच्या नात्याने सद्भावनेने वागत असेल आणि जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती नसेल, तर त्याचे कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसत नसले तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. दाद मागायची ती नंतर, तक्रार करून.

अपिलात सहसा नव्याने साक्षी होत नाहीत. न्यायाधीशांसमोर असतो तो खालच्या कोर्टातला कागद, आणि त्यावर प्रश्न ठरलेले. हवालदाराची ड्युटी त्या वेळी, त्याच चौकात होती याची नोंद आहे का? जखमेचा दाखला त्याच दिवशीचा आहे का? चौकातला पानवाला, रिक्षावाला यांपैकी कुणी साक्षीला आला का, की सगळे पोलीसच? सगळे साक्षीदार पोलीस आहेत एवढ्यावरून साक्ष फेकून देता येत नाही, पण ती बारकाईने पाहिली जाते. जखमी साक्षीदाराच्या शब्दाला अधिक वजन असते. सीसीटीव्हीची प्रत दिली तर सोबत प्रमाणपत्र हवे. जालन्याच्या निवडणूक वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही अट पक्की केली. कोणत्या साहेबाने ते प्रमाणपत्र घ्यायचे, हे ठाण्यात वेळेवर ठरले नाही तर कॅमेऱ्यात दिसणारा हात कोर्टाला दिसत नाही.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली. ३५३ च्या जागी १३२ आले आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे, खटला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. दुखापतीसाठीच्या १२१ मध्ये मात्र पाच वर्षे, जबर दुखापतीला किमान एक आणि कमाल दहा. शिक्षा गुन्ह्याच्या दिवशी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे ठरते. त्यामुळे ३० जून २०२४ च्या रात्री महाराष्ट्रात हवालदारावर उगारलेल्या हाताचा हिशेब पाच वर्षांच्या कलमाने होईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगारलेल्याचा दोन वर्षांच्या.