पाटीवरच्या पेन्सिलीची धूळ

मध्य प्रदेशातील मंदसौर येथे शाळकरी मुलांच्या पाटीवरच्या पेन्सिली तयार होत. विजेच्या करवतीने दगड कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ थेट कारागिराच्या तोंडावर येई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेथील ५९३ कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस जडलेला होता. अनेक जण ऐन तारुण्यातच दगावत.

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुधा नाकात व घशातच अडते. घात करतात ते पाच मायक्रॉनहून लहान कण. ते फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. त्यांना गिळणाऱ्या पेशीच मरतात आणि त्या जागी कठीण तंतू वाढू लागतात. औषधाने ही वाढ मागे फिरत नाही. काम सोडले तरी ती थांबतेच असे नाही. शिवाय अशा फुफ्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. मग रोग्याच्या कागदावर ‘क्षय’ एवढेच लिहिले जाते. धुळीचा उल्लेख राहून जातो, आणि त्याबरोबर नुकसानभरपाईचा हक्कही.

नाकावर फडके बांधल्याने फारसे साधत नाही, कारण हे कण विणीतून आरपार जातात. धूळ श्वासात शिरण्यापूर्वी करवतीपाशीच यंत्राने शोषून घ्यावी लागते.